दोन सदरे, एक बायबल आणि सुरतेची वाट

साल १७५४. तुम्ही पॅरिसमध्ये आहात आणि समोरच्या टेबलावर चार पानं पसरली आहेत. अक्षरं उजवीकडून डावीकडे चाललेली, पण ती अरबी नव्हेत आणि हिब्रूही नव्हेत. ही कुणा नक्कलकारानं जशीच्या तशी उतरवलेली प्रत आहे. मूळ पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात साखळीनं बांधून ठेवलेली आहे. एका इंग्रज व्यापाऱ्यानं ती सुरतेहून मिळवली होती. पारशांचा धर्मग्रंथ वेंदिदाद. हा मजकूर वाचून अर्थ सांगू शकेल असा माणूस अख्ख्या युरोपात नाही.

तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणाला अजून तेवीस पूर्ण व्हायची आहेत. नाव अब्राहम यासँत आंक्तिल द्युपेराँ. वडील मसाल्याच्या पदार्थांचे व्यापारी. मुलानं पाद्री व्हावं म्हणून त्याला सोर्बोनमध्ये घातलं, तिथं तो हिब्रू शिकला. पुढं हॉलंडमध्ये अरबी आणि फारसी. पाद्री होणं मागं पडलं, भाषांचं वेड राहिलं. तो ती चार पानं बघतो आणि तिथंच ठरवतो: ज्यांची ही पोथी आहे त्यांच्याकडे जायचं, त्यांच्याकडून शिकायचं, पोथ्या आणायच्या. हिंदुस्थानात पोचल्यावर संस्कृतही शिकायचं.

पैसे मात्र नाहीत. ओळखीची मोठी माणसं काही करू म्हणतात, पण त्याला दम धरवत नाही. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानासाठी शिपाई भरती करते आहे आणि त्यांत पॅरिसच्या तुरुंगांतून उचललेले लोकही आहेत. हा शिकलेला मुलगा त्या भरतीत नाव घालतो.

७ नोव्हेंबरच्या सकाळी तुम्हीही त्या तुकडीबरोबर निघा. नोव्हेंबरातली फ्रान्समधली थंडी, चिखलाचा रस्ता, पुढं नगाऱ्याचा आवाज. त्याच्या गाठोड्यात दोन सदरे, दोन रुमाल, एक मोज्यांचा जोड, भूमितीच्या साधनांची पेटी, हिब्रू बायबल, माँतेन्यचे निबंध आणि शारोंचा एक ग्रंथ आहे. कपड्यांपेक्षा पुस्तकांचं वजन जास्त. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोरियाँ बंदरात पोचल्यावर कळतं की पॅरिसमधल्या हितचिंतकांनी वजन खर्ची घातलं आहे. त्याला शिपाईगिरीतून मोकळं केलंय, जहाजावर फुकट जागा दिलीय आणि वर्षाला ५०० लिव्ह्र वेतन बांधून दिलंय. पण हे त्याला माहीत नसताना तो निघाला होता, आणि मला त्या पायपिटीचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. पुढच्या सात वर्षांत त्यानं जे जे केलं, त्याची जात या पहिल्या मजलांमध्येच दिसते.

फेब्रुवारी १७५५मध्ये जहाज सुटतं आणि ऑगस्टमध्ये पाँडिचेरीला लागतं. समुद्रावरचे सहा महिने आपण ओलांडून जाऊ. पाँडिचेरीत तो फारसी पक्की करतो, मग बंगालमध्ये चंद्रनगरला जातो. तिथं तापानं अंथरूण धरतो. बरा होतो तोवर युरोपातलं सप्तवार्षिक युद्ध हुगळीच्या काठी येऊन ठेपलेलं असतं. मार्च १७५७मध्ये इंग्रज चंद्रनगर घेतात. काशीला जाऊन संस्कृत शिकायचा बेत तिथंच मोडतो. आता परत पाँडिचेरी गाठायची, तीही जमिनीवरून. सुमारे १०० दिवस, अंदाजे १६०० किलोमीटर.

या वाटेवर थोडं थांबा, कारण इथं तुमची आमची ओळख निघते. ओडिशा १७५१पासून नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आहे. बालासोरहून जगन्नाथपुरीकडे जाताना नाक्यांवरचा अंमल मराठ्यांचा. आणि तो ज्या बंगालमधून आलाय, तिथं याच मराठी स्वारांना बर्गी म्हणतात. आया त्यांची भीती घालून मुलांना निजवतात. नागपूरकरांच्या स्वाऱ्या थांबून सहाच वर्षं झाली आहेत. जळालेल्या गावांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. पुढं हाच माणूस सह्याद्री चढून आपल्या मुलखात येणार आहे आणि अगदी वेगळं काही लिहिणार आहे. तेव्हा ही बंगालची बाजू मनात असू द्या.

पाँडिचेरीत त्याचा भाऊ भेटतो. तो सुरतेच्या फ्रेंच वखारीत नोकरीवर निघाला आहे. दोघे जहाजानं मलबार किनाऱ्यावर येतात. माहेला आंक्तिल उतरतो आणि भाऊ समुद्रमार्गे पुढं जातो. सुरतेला जहाजानं जाणं सोपं होतं, पण त्याला वाटेतली माणसं बघायची आहेत. कोचीनचे ज्यू, सीरियन ख्रिस्ती, त्यांचे ताम्रपट, सगळं तो बघतो, उतरवून घेतो. फेब्रुवारी १७५८मध्ये तो माहे सोडून उत्तरेकडे वळतो. मंगळूर, मग गोवा. जुन्या गोव्यात तुम्ही त्याच्याबरोबर फिरता तेव्हा उंच चर्च दिसतात आणि मधली घरं ओस. रोगराईनं शहर रिकामं होत आलंय आणि इन्क्विझिशनचा वाडा अजून चालू आहे. फोंडा महाल अजून पोर्तुगीजांचा झालेला नाही. म्हणजे सरहद्द जवळच आहे. ती ओलांडायची आणि घाट चढायचा.

मार्च संपत आलाय. फाल्गुनातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. घाटमाथ्यावर पोचता तेव्हा वारा कोरडा लागतो, कोकणचा दमटपणा खाली राहिलेला असतो. गावागावांत होळीची राख अजून चावडीपुढं आहे आणि पोरांच्या अंगावरचा रंग गेलेला नाही. रब्बीची ज्वारी खळ्यावर आलीय. बैल पातीला फिरताहेत, बायका सुपानं उफणताहेत, कडबा रचला जातोय. पाहुणा आला म्हटल्यावर ओसरीवर घोंगडी पडते, तांब्याभर पाणी आणि गूळ पुढं येतो. गोरा माणूस दारात उभा राहिला तर पोरं गोळा होणारच. कुणी हाकलत नाही.

आंक्तिलनं या प्रवासाबद्दल जे लिहिलं ते १७६२ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये इंग्रजीत छापून आलं आणि पुढं मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी अनेकदा उद्धृत केलं. त्याचा आशय असा की मराठ्यांच्या देशात शिरताच आपण सुवर्णयुगातल्या साधेपणात आणि सुखात आलो असं त्याला वाटलं. माणसं आनंदी, धडधाकट. प्रत्येक दार उघडं. शेजारी असो की परका, घरात असेल ते त्याच्यापुढं येई.

हे वाचून आपली मान ताठ होते. होऊ द्या. पण पाहुण्याच्या डोळ्यांनी बघताना आपलेही डोळे उघडे ठेवायला हवेत. त्यानं हा मुलूख सुगीत पाहिला, एका वसंतात पाहिला. त्याच दिवसांत रघुनाथरावांच्या फौजा पंजाबात आहेत. एप्रिलमध्ये लाहोर मराठ्यांच्या हाती येणार आहे. या गावांतली किती तरणीताठी माणसं तिकडं आहेत, आणि तिकडच्या गावांना ती कशी दिसत असतील, हे खळ्यावर बसून कळत नाही. तरीही मी त्याची साक्ष खोटी मानत नाही. बंगालमध्ये बर्गीचं भय ऐकून आलेला माणूस बर्गीच्या घरी जातो, तिथं त्याला शेतकरी भेटतो, आणि तो जे दिसलं ते लिहितो. ऐकीव मत बाजूला ठेवून डोळ्यांवर विश्वास टाकणं ही त्याची मोठी ताकद आहे. पुढं वीस वर्षांनी हीच ताकद त्याला फ्रेंच विचारवंत माँतेस्क्योच्या विरोधात उभी करील.

कृष्णा ओलांडा, नीरा ओलांडा. पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा काळ आहे. कात्रजहून नळानं आलेलं पाणी शहरातल्या हौदांत पडताना तुम्ही ऐकता. पर्वतीवरचं देऊळ बांधून नऊच वर्षं झालीत. हा परदेशी माणूस वाटेत लागणाऱ्या प्रत्येक राज्याचं नाणं गोळा करत आलाय. सराफाच्या पेढीवर तो थांबला की तुम्हीही डोकवा: किती टांकसाळींचे किती रुपये, आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा.

औरंगाबादकडे मुलूख निजामाचा होतो. वाटेत तो वेरूळकडे वळतो. एप्रिलचं ऊन आहे, डोंगराचा काळा दगड तापलाय. कैलासाच्या आवारात शिरलात की थंडावा लागतो आणि वटवाघळांचा वास येतो. एक अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलेलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, हे आज आपण पाटीवर वाचतो. त्याला ते सांगणारं कुणी नाही. तो ब्राह्मणांना सोबत घेतो आणि एकेक मूर्ती कोणाची, काय कथा, असं विचारत जातो. मोजतो, लिहितो, पुढच्या लेण्यात शिरतो. वेरूळचं इतकं तपशीलवार वर्णन त्याआधीच्या युरोपीय लिखाणात क्वचितच सापडतं. त्यात चुका आहेत. पण जिथल्या मूर्ती, तिथल्या माणसाला आधी विचारायचं, ही रीत पाहा. सुरतेत हीच रीत कामाला येणार आहे.

१ मे १७५८. तापीच्या काठी सुरत. आता घाई करू नका, इथं आपल्याला जवळजवळ तीन वर्षं राहायचंय.

पारशी समाजात त्या वेळी दोन तट पडलेले आहेत. इराणातल्या केरमानहून काही दशकांपूर्वी जामास्प नावाचा विद्वान आला होता. त्यानं इथल्या काही दस्तुरांना, म्हणजे पारशी धर्मगुरूंना, शिकवलं, आणि हिंदुस्थानी पारशांची कालगणना इराणी पारशांच्या एक महिना मागं आहे हे लक्षात आलं. मृताच्या तोंडावर कापड बांधावं की नाही, यावरही वाद आहे. जामास्पचा शिष्य दस्तुर दाराब सुधारणेच्या बाजूचा. दुसऱ्या बाजूला मंचेरजी शेठ आणि त्यांचा मोठा गोतावळा. आंक्तिल दाराबकडे आणि त्याच्या सोबतीच्या काऊसकडे जातो. दोघांना बोलता येईल अशी समान भाषा एकच, फारसी.

दाराब लगेच तयार होत नाही, आणि का व्हावं? परक्या धर्माच्या माणसाला, तेही किनाऱ्यावर तोफा घेऊन आलेल्या लोकांपैकी एकाला, आपलं पवित्र वाङ्मय का द्यायचं? समाजात आधीच शत्रू आहेत. त्यांच्या हाती आयतं कारण सापडेल. महिने जातात. अखेर वेंदिदादची पोथी मिळते, पैसेही मोजले जातात. आंक्तिलला शंका येते की दिलेली प्रत पूर्ण नाही. मग तो सुरतेतल्या डच वखारीच्या प्रमुखाच्या मध्यस्थीनं विरुद्ध तटाच्या मंचेरजींकडची प्रत मिळवतो आणि दोन्ही पोथ्या ओळीनं पडताळतो. दाराबला हे कळतं तेव्हा तोही ओळखतो की या विद्यार्थ्याला आता टाळता येणार नाही. तिथून पुढं खरं शिक्षण सुरू होतं.

मार्च १७५९मध्ये वेंदिदादचं भाषांतर सुरू होतं. तुम्ही त्या खोलीत एका कोपऱ्यात बसा. दाराब वाचतो, फारसीत अर्थ सांगतो; आंक्तिल मूळ शब्द लिहितो, त्याखाली अर्थ, मग फ्रेंच. अडलं की मागचा संदर्भ काढतो, पुन्हा विचारतो. उकाडा, घाम, शाई पसरते. त्याच महिन्यात इंग्रज सुरतेचा किल्ला घेतात आणि शहराचा कारभार हळूहळू त्यांच्या मुठीत जाऊ लागतो. खोलीतलं काम थांबत नाही. जूनमध्ये वेंदिदाद पुरा होतो. त्यानंतर इतर अवेस्ता ग्रंथ, पहलवी ग्रंथ, कर्मकांडाची माहिती.

हा माणूस स्वभावानं सरळ आणि गोड होता असं मी सांगणार नाही. तो तापट होता, स्वतःबद्दल फार बोलायचा. १७५९च्या शेवटी सुरतेत एका फ्रेंच व्यापाऱ्याशी त्याची चकमक झाली, तो माणूस मेला, आंक्तिल स्वतःही जखमी झाला आणि काही काळ त्याला इंग्रजांचा आसरा घ्यावा लागला. आपण वेश बदलून दाराबबरोबर अग्यारीत गेलो असंही तो लिहितो. १९१६ साली मुंबईच्या जीवनजी जमशेदजी मोदींनी त्यावर पुस्तक लिहून या दाव्यावर शंका घेतली आणि दाराबची बाजू मांडली. ती मांडली जाणं गरजेचं होतं. युरोपच्या इतिहासात या कामावर आंक्तिलचं नाव आहे, पण शिकवणारा दाराब होता, आणि त्याच्या समाजानं कितीतरी शतकं त्या पोथ्या उतरवून उतरवून जपल्या होत्या.

१७६०च्या अखेरीस तो साष्टीत उतरतो. ठाणं आणि साष्टी वीस वर्षांहून जास्त काळ मराठ्यांकडे आहे. तो कान्हेरीच्या पायऱ्या चढतो, घारापुरीला होडीनं जातो. इथंही मोजणं, लिहिणं. उत्तरेकडे भाऊसाहेब पानिपताच्या मैदानात अडकलेले आहेत. नव्या वर्षाच्या जानेवारीत, १४ तारखेला, तिथं काय झालं हे तुम्हाला सांगायला नको. त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांपुढं शरण गेली. ज्या मराठी मुलखात त्यानं उघडी दारं पाहिली त्या मुलखातली घरं आणि ज्या वसाहतीत तो प्रथम उतरला ती वसाहत, दोन्हींवर एकदम आघात. फ्रेंच जहाज आता मिळणार कुठून? एप्रिल १७६१मध्ये तो मुंबईहून इंग्रजी जहाजानंच निघतो, पोथ्यांच्या पेट्या घेऊन, शत्रूच्या झेंड्याखाली.

इंग्लंडला पोचताच युद्धकैदी. सुटका झाल्यावर तो लगेच फ्रान्सला धावत नाही. १७६२च्या जानेवारीत आधी ऑक्सफर्ड गाठतो, बॉडलियनमधली ती बांधलेली पोथी उघडायला लावतो आणि आपल्या प्रतीशी ताडून पाहतो. मार्चच्या १४ तारखेला पॅरिस. दुसऱ्या दिवशी १८० हस्तलिखितं राजाच्या ग्रंथालयात जमा. 

‘झेंद-अवेस्ता’ तीन खंडांत १७७१ साली छापून आला. स्वागत वाईट झालं. व्होल्तेर आणि त्याच्या मंडळींना पूर्वेचा एखादा गंभीर तत्त्वज्ञ हवा होता. त्यांना शुद्धीचे नियम आणि प्रार्थना मिळाल्या. ऑक्सफर्डच्या विद्वानांबद्दल आंक्तिलनं तुच्छतेनं लिहिलं होतं. त्याचा राग धरून पंचवीस वर्षांच्या विल्यम जोन्सनं फ्रेंचमध्ये निनावी पत्रक छापलं आणि असा मजकूर झरतुष्ट्राचा असूच शकत नाही, पारशांनी या माणसाला फसवलं, असा सूर लावला. तोच जोन्स पुढं कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापणार आहे. पण सुरतेतल्या त्या खोलीत तो बसलेला नव्हता, आणि तुम्ही बसला होता.

१७७८. आता त्याचं दुसरं पुस्तक हातात घ्या, पौर्वात्य कायद्यांवरचं. माँतेस्क्योनं १७४८ साली मांडलं होतं की आशियात लेखी कायदा नाही, खासगी मालमत्ता नाही, सगळं राजाच्या लहरीवर. युरोपातल्या शहाण्या माणसांनी ते मानलं होतं. आंक्तिल तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान अशी एकेक साक्ष काढत दाखवतो की कायदे आहेत, करार आहेत, जमिनी विकल्या-घेतल्या जातात. आणि ‘आशियाई जुलूम’ हा शब्द परक्यांच्या जमिनी गिळणाऱ्यांना सोयीचा आहे. पुस्तक त्यानं हिंदुस्थानच्या लोकांना अर्पण केलं. मला त्याच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं वाटतं. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर चालून निघाली होती आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला तिनं हार खाल्ली. ज्यांना पुस्तक अर्पण केलं ते आपली लढाई लढत होते. पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

१७७५च्या सुमारास फैजाबादहून एका फ्रेंच अधिकाऱ्यानं त्याला एक फारसी हस्तलिखित पाठवलं होतं. दारा शिकोहनं १६५७ साली काशीच्या पंडितांच्या मदतीनं करून घेतलेलं ५० उपनिषदांचं भाषांतर. आंक्तिल त्यावर पंचवीस वर्षं बसला. मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली, उत्पन्न बुडालं. तुम्ही त्याच्या खोलीत डोकावलात तर हिवाळ्यातही शेकोटी नाही, पलंगावर गादी नाही. ब्रेड, चीज आणि विहिरीचं पाणी, रोजचा खर्च चार सू, म्हणजे रुपयाचा बारावा भाग. हा हिशेब त्यानंच लिहून ठेवलाय, हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांना उद्देशून, आणि त्यात रडगाणं नाही. तुम्हीही असेच राहता ना, असा आपुलकीचा सूर आहे. १८०१ आणि १८०२मध्ये लॅटिनमधले दोन खंड निघाले. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरनं ते पुढं आयुष्यभर जवळ ठेवले.

नेपोलियन सम्राट झाला तेव्हा विद्वत्सभेच्या सदस्यांना निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं गेलं. त्र्याहत्तरीच्या घरातल्या या माणसानं शपथ नाकारली आणि सदस्यत्व सोडलं. १७ जानेवारी १८०५ रोजी तो गेला.

आता १८३३ सालच्या पॅरिसला या. फ्रेंच विद्वान यूजेन ब्यूर्नूफ अवेस्तेतल्या यस्नावरचं भाष्य छापतोय. आंक्तिलच्या भाषांतरात ठिकठिकाणी चुका आहेत असं तो दाखवतो, आणि ते बरोबर आहे. दाराबच्या पिढीपर्यंत अवेस्तेचं व्याकरण विसरलं गेलं होतं, अर्थ परंपरेनं सांगितला जात होता. पण ग्रंथ अस्सल आहे, भाषा संस्कृतची सख्खी बहीण आहे, हे आता कुणी नाकारू शकत नाही. ब्यूर्नूफला ती भाषा उलगडली कशी? गुजरातेत काही शतकांपूर्वी नेर्योसंग नावाच्या पारशी धर्मगुरूनं यस्नाचं संस्कृत भाषांतर करून ठेवलं होतं. ब्यूर्नूफ त्या संस्कृतच्या आधारानं अवेस्तेचा शब्द न् शब्द सोडवत गेला. आंक्तिलचं संस्कृत शिकायचं राहूनच गेलं होतं, नेर्योसंगाचं ते भाषांतर त्याला नीट वाचता येत नव्हतं. तरी सुरतेत ती पोथी हाती आली तेव्हा त्यानं ती बाजूला टाकली नाही. १७६२च्या मार्चमध्ये ग्रंथालयात जमा केलेल्या पोथ्यांमध्ये तीही होती.